यवतमाळचा समुद्र

मराठी वाङ्मयात समुद्र येतो तो बहुतेक वेळा पश्चिमेकडून येतो. कोकणची किनारपट्टी, मुंबईची गोदी, गोव्याच्या खाड्या ही त्याची ठिकाणे. कोळी, खलाशी आणि चाकरमानी ही त्याची माणसे. विदर्भातील लेखनात समुद्र सहसा भेटत नाही आणि त्याचे आपल्याला आश्चर्यही वाटत नाही. यवतमाळ जिल्ह्याविषयी लिहिताना काळी माती, कापूस, सागवान, कोळसा आणि गेल्या काही दशकांत शेतकऱ्यांच्या आत्महत्या हे शब्द हटकून येतात. 'समुद्र' हा शब्द त्या यादीत घातला तर वाचक चमकेल. तथापि यवतमाळलाही एक समुद्र आहे, तो पूर्वेचा आहे, आणि जिल्ह्याच्या इतिहासातून तो वगळला गेल्यामुळे त्या इतिहासाची एक बाजू कायम कोरी राहिली आहे, असे आम्हांला वाटते. प्रस्तुत लेखाचा विषय ती कोरी बाजू हा आहे.

प्रथम भूगोलाची साधी गोष्ट. यवतमाळ जिल्ह्याचे क्षेत्रफळ साडेतेरा हजार चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक आहे आणि त्यावर पडणारा पाऊस शेवटी दोनच नद्यांना मिळतो. उत्तर आणि पूर्व बाजूने वर्धा, दक्षिण बाजूने पैनगंगा. बेंबळा वर्धेला मिळते; अडाण, अरुणावती, पूस यांचे पाणी पैनगंगेत जाते. वणी तालुक्याच्या टोकाला पैनगंगा वर्धेत विलीन होते, पुढे वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. गोदावरीच्या एकूण खोऱ्याचा सुमारे एकतृतीयांश भाग एकट्या प्राणहितेचा आहे. म्हणजे पुसदच्या एखाद्या नाल्यातले पाणी धवळेश्वरम, गौतमी आणि वसिष्ठा या मार्गाने बंगालच्या उपसागरात पोहोचते. यवतमाळचा माणूस पोटासाठी मुंबई-पुण्याकडे जातो, परंतु त्याच्या शेतातले पाणी त्या दिशेला एक थेंबही जात नाही.

हा उपसागर कसा आहे, हे समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास कळणार नाही. तो तीन बाजूंनी जमिनीने वेढलेला आहे. उत्तरेकडे त्याला वाट नाही. गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी, गोदावरी, कृष्णा अशा मोठमोठ्या नद्या त्यात उतरतात. या नद्यांचे गोडे पाणी हलके असल्यामुळे ते खाऱ्या पाण्यावर थरासारखे पसरून राहते. हा वरचा थर फोडून खालचे पाणी वर आणणे वाऱ्याला जड जाते. परिणामी खोल पाण्यातील पोषकद्रव्ये वर येत नाहीत आणि वरचा प्राणवायू खाली पोहोचत नाही. अरबी समुद्राच्या तुलनेने हा उपसागर म्हणूनच काहीसा हलक्या हाताचा दाता ठरतो. खोल पाण्यात, साधारण शंभर मीटरांच्या खाली, प्राणवायू अत्यल्प असलेला एक विस्तीर्ण पट्टा त्यात आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील आणि युरोपातील शास्त्रज्ञांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दाखवले, की या पट्ट्यात प्राणवायूचा केवळ लवलेश उरला आहे. पण तो लवलेशच तेथील रसायन सावरून धरतो. तोही संपला तर पाण्यातील नत्र मोठ्या प्रमाणावर वायुरूपाने निघून जाऊ लागेल आणि साऱ्या अन्नसाखळीचा हिशेब बदलेल. थोडक्यात, हा समुद्र काठावर उभा आहे. जमिनीवरून येणारे जादा नत्र त्याला कोणत्या बाजूला ढकलील, हा प्रश्न किनाऱ्यावरच्या गावांपुरता राहत नाही.

आता इतिहासाकडे वळू. जमीन आणि समुद्र यांच्या या व्यवहाराचे सर्वांत जुने दप्तर कोणत्याही कचेरीत नाही. ते समुद्रतळाशी आहे. २००६ साली भारताच्या वायुहायड्रेट शोधमोहिमेत गोदावरीच्या मुखासमोर समुद्रतळाला छिद्र पाडून गाळाचे लांब स्तंभ वर काढण्यात आले. त्यांपैकी एका स्तंभाचा अभ्यास पुढे वुड्स होल येथील लिव्हियू जोसान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. गाळात कोणत्या खडकाचा अंश किती, त्यात सापडणारे वनस्पतींचे मेण कोणत्या प्रकारच्या झाडझाडोऱ्याचे, यांवरून हजारो वर्षांतील खोऱ्याची स्थिती वाचता येते. त्यांचा निष्कर्ष असा, की सुमारे चार हजार वर्षांपूर्वीपासून पाऊस उणावत गेला, खोऱ्यातील वनस्पतींचे आच्छादन बदलले आणि दख्खनच्या काळ्या पाषाणापासून झालेली माती पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात समुद्रात जाऊ लागली. पाऊस उणावूनही माती अधिक वाहिली, याचे एक कारण ते मानवी वस्तीत आणि शेतीत शोधतात. दख्खनच्या पठारावर ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची गावे पसरली तो काळ साधारण हाच. पहिला नांगर जमिनीत घुसला त्याची नोंद समुद्राने केली, असे म्हटले तर ती अलंकारिक भाषा ठरू नये.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. या गाळात यवतमाळचा वाटा किती आणि बीडचा किती, असे कोणी मोजून दिलेले नाही. परंतु पैनगंगा आणि वर्धा ज्या काळ्या मातीतून वाहतात ती माती याच दख्खनी पाषाणाची आहे. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात आज जी भातशेती पिकते तिच्या पायाखाली वऱ्हाडची आणि मराठवाड्याची माती आहे. किनाऱ्याचा तो प्रदेश वरच्या खोऱ्याच्या झिजेतून उभा राहिला. वरच्या माणसाचे नुकसान ते खालच्या माणसाचे शेत, असा हा हजारो वर्षांचा उफराटा जमाखर्च होता.

एकोणिसाव्या शतकात या जमाखर्चात एक नवा हिशेबनीस आला. त्याचे आडनाव योगायोगाने कॉटन. आर्थर कॉटन या अभियंत्याने १८४७ ते १८५२ या काळात धवळेश्वरम येथे गोदावरीवर बंधारा बांधला आणि दुष्काळाने पोळलेला त्रिभुज प्रदेश हिरवा केला. त्या भागातील लोक आजही त्याचे नाव कृतज्ञतेने घेतात आणि त्यात वावगे काही नाही. त्यानंतर लगेच, १८५३ साली, निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला. वऱ्हाडचा कापूस समुद्रापर्यंत कसा न्यावा हा तेव्हाचा मोठा व्यापारी प्रश्न होता. कॉटन आणि त्याचे अनुयायी यांचे उत्तर सरळ होते: पाणी जिकडे जाते तिकडेच कापूस न्यावा. गोदावरी, प्राणहिता आणि वर्धा या नद्यांतून नावा चालवून वऱ्हाड-नागपूरचा कापूस कोकनाड्याच्या, म्हणजे आजच्या काकिनाड्याच्या, बंदरात उतरवायचा, अशी ती योजना. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते; दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि प्राणहितेवरील देवलमरी. ते ओलांडण्यासाठी बंधारे, कालवे आणि जलपाशांची कामे सुरू झाली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ नंतर वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला तेव्हा या योजनेचे महत्त्व आणखीच वाढले.

परंतु १८६७ साली मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोहोचली आणि १८७१ साली गोदावरीच्या वरच्या भागातील नौकानयनाची कामे सरकारने बंद केली. आजचा यवतमाळ जिल्हा तेव्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. त्याचा कापूस कायमचा पश्चिमेला वळला. पुढे मूर्तिजापूरहून यवतमाळला येणारी अरुंद मापाची गाडी, सूतगिरण्यांचे भाव, दलाल, तार, वर्तमानपत्रे या सगळ्यांचे तोंड मुंबईकडे होते. या वळणाचा आर्थिक इतिहास लिहिला गेला आहे. त्याचा सांस्कृतिक परिणाम मात्र फारसा कोणी पाहिलेला नाही. मालाचे तोंड पश्चिमेला वळल्याबरोबर मनाचेही वळले. पाणी मात्र पूर्वेलाच जात राहिले, आणि त्या पाण्याबरोबर काय काय जाते याची चौकशी करणारे कोणी उरले नाही. नदीमार्गाची योजना यशस्वी झाली असती तर पर्यावरणाचे भले झाले असते, असा आमचा दावा नाही; बहुधा उलटच घडले असते. पण यवतमाळच्या पांढऱ्या सोन्याने काकिनाड्याचा किनारा पाहिला असता, आणि त्या किनाऱ्याची बातमीही आपल्या कानावर आली असती.

धवळेश्वरमच्या बंधाऱ्याची दुसरी बाजू माशांची आहे. हिलसा हा मासा समुद्रात वाढतो आणि पावसाळ्यात अंडी घालण्यासाठी नदीत शिरतो. बंगालात तो इलिश म्हणून प्रसिद्ध आहे. गोदावरीत शिरला की तेलुगू माणूस त्याला पुलसा म्हणतो आणि त्याच्यासाठी वाटेल तो भाव मोजतो. नदीवर आडवा बंधारा आला की या माशाची वाट बंद होते. मोठ्या वामेसारख्या माशांची आणि नदीतल्या मोठ्या झिंग्यांची गोष्ट याच्या उलट आहे. ते वाढतात गोड्या पाण्यात. पण वाम अंडी घालण्यासाठी समुद्राकडे उतरते आणि झिंग्यांच्या पिलांना जगण्यासाठी मचूळ पाणी लागते. अशा जीवांच्या दृष्टीने नदी आणि समुद्र हे दोन प्रदेश नव्हेतच; ते एकाच घराचे माजघर आणि ओसरी आहेत.

आणि येथे इतिहास आपल्याला एक अनपेक्षित गोष्ट सांगतो. सिंचनाच्या बंधाऱ्यांमुळे किनाऱ्याच्या नद्यांतील मासळीचे नुकसान होत असावे, याकडे सरकारचे लक्ष १८६७ साली ज्याने वेधले तो माणूस स्वतः आर्थर कॉटनच होता. त्यानंतर फ्रान्सिस डे या सैन्यातील वैद्यकाची नेमणूक झाली. डे याने नद्या पाहिल्या, कोळ्यांना आणि अधिकाऱ्यांना प्रश्न विचारले, बंधाऱ्यांखाली अडकलेल्या हिलशाची स्थिती नोंदवली आणि १८७३ साली हिंदुस्थान व ब्रह्मदेशातील गोड्या पाण्याच्या मासळीवर आपला मोठा अहवाल प्रसिद्ध केला. बंधाऱ्यांत माशांसाठी वाटा ठेवाव्यात, बारीक जाळ्यांवर नियंत्रण असावे, असा त्याचा आग्रह होता. या साऱ्या खटपटीचे फळ म्हणजे १८९७ चा भारतीय मत्स्यव्यवसाय कायदा. सुरुंग लावून अथवा विष कालवून मासे मारणे या कायद्याने गुन्हा ठरले. मात्र विषाविषयीच्या कलमात एक अट आहे: मासे पकडण्याच्या अथवा मारण्याच्या हेतूने विष टाकले तर गुन्हा. हेतू नसताना पाण्यात उतरणारे विष त्या कलमाच्या बाहेर राहिले. विसाव्या शतकातील बहुतेक प्रदूषण हे अशा निर्हेतुक विषाचेच आहे. त्यासाठी १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याची वाट पाहावी लागली, आणि तो कायदाही मुख्यतः कारखान्याच्या नळाकडे पाहतो. शेताच्या बांधावरून वाहणाऱ्या पाण्याला नळ नसतो.

यवतमाळच्या शेताकडे परत येऊ. १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री असलेले वसंतराव नाईक पुसद तालुक्यातील गहुलीचे. संकरित बियाणे, रासायनिक खते आणि धरणे यांचा पुरस्कार करणाऱ्या हरितक्रांतीचा महाराष्ट्रातील चेहरा म्हणजे ते. दुष्काळ आणि आयात धान्य यांच्या छायेतील त्या काळात हा मार्ग निवडणे समजण्यासारखे होते. पुढे पूस, ईसापूर येथील ऊर्ध्व पैनगंगा, दिग्रसजवळील अरुणावती, बाभूळगाव तालुक्यातील बेंबळा असे लहानमोठे प्रकल्प झाले. नत्र, स्फुरद आणि पालाश हे शब्द शेतकऱ्याच्या तोंडी बसले. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि कोरडवाहू शेतातही खताच्या गोणीचा खर्च अटळ झाला. पिकाने न उचललेले नत्र पहिल्या मोठ्या पावसाबरोबर नाल्यात उतरते, हे कृषी विद्यापीठाच्या पहिल्या वर्षातही शिकवले जाते. ते नाल्यातून पुढे कोठे जाते, हा प्रश्न मात्र अभ्यासक्रमाच्या सीमेवर थांबतो.

धरणांनी दुसरे काम केले: गाळ अडवला. आंध्र विद्यापीठातील संशोधकांनी २००४ साली मांडलेली आकडेवारी बोलकी आहे. १९७० च्या दशकात गोदावरी वर्षाला सरासरी सुमारे १५ कोटी टन गाळ खाली नेत असे. १९९० च्या दशकात तो ६ कोटी टनांच्याही खाली आला. १९७६ ते २००१ या पंचवीस वर्षांत त्रिभुज प्रदेशाच्या समुद्राकडील कडेची निव्वळ १,८०० हेक्टरांहून अधिक जमीन नाहीशी झाली. खारफुटीची वने, मत्स्यबीजाच्या खाड्या, वाळूचे दांडे यांचा त्यात समावेश आहे. काकिनाड्याजवळील कोरिंगाच्या खारफुटीला १९७८ पासून अभयारण्याचे संरक्षण आहे. परंतु अभयारण्याची सीमा आखून गाळ येत नाही. चार हजार वर्षे वरच्या खोऱ्याने जे दिले ते एका पिढीत आखडते घेतले गेले, आणि त्याच पिढीत खते आणि औषधे यांच्या रूपाने पूर्वी कधी न दिलेले देणे सुरू झाले. माती थांबली, विरघळणारे मात्र थांबले नाही. कारण धरणाची भिंत माती अडवते, विरघळलेले नत्र ती पूर्णपणे अडवू शकत नाही.

येथे प्रमाणाचे भान सुटू देता कामा नये. उपसागरात येणाऱ्या पाण्याचा आणि गाळाचा सिंहाचा वाटा गंगा-ब्रह्मपुत्रेचा आहे. गोदावरीच्या खोऱ्यात यवतमाळ जिल्ह्याचे क्षेत्र शेकडा चार-पाचच्या आसपास भरते. किनाऱ्यावर कोळंबीची तळी, तेल-वायूच्या विहिरी, शहरांचे सांडपाणी आणि यांत्रिक नौकांची बेसुमार मासेमारी यांचा भार आहेच. पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून असे ६१ दिवस मासेमारीला बंदी असते, ती याच कारणाने. यवतमाळच्या शेतकऱ्याने उपसागर बिघडवला, असे विधान कोणी केले तर ते खोटे तर होईलच, शिवाय अन्यायाचेही होईल.

अन्यायाचे का, हे २०१७ च्या पावसाळ्याने दाखवून दिले. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशकांची फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि शेतमजूर यांना विषबाधा झाली आणि सुमारे वीस जणांचा मृत्यू झाला. उंच वाढलेली दाट कपाशी, अंगावर कापडाखेरीज दुसरे संरक्षण नाही, पाठीवर पंप, आणि दुकानदाराच्या सल्ल्याने एकत्र केलेली औषधे, अशी ती परिस्थिती होती. सरकारने विशेष चौकशी पथक नेमले, बातम्या झाल्या, आणि चर्चा हळूहळू शेतकऱ्याने काळजी घेतली नाही या नेहमीच्या जागी येऊन थांबली. आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते असे, की जे द्रव्य पाण्यात उतरून माशांपर्यंत जाईल की नाही याची आपण चर्चा करतो, ते पाण्यात उतरण्यापूर्वीच माणसाच्या रक्तात उतरलेले होते. किनाऱ्यावरचा कोळी आणि कपाशीतला मजूर हे या प्रवाहाच्या दोन टोकांवरील एकाच प्रकारचे लोक आहेत. दोघांनाही निर्णयात वाटा नाही, आणि नुकसान मात्र दोघांच्याही वाट्याला येते. त्यांना वादी-प्रतिवादी म्हणून उभे करणारा पर्यावरणविचार आम्हांला मान्य होण्यासारखा नाही.

मग यवतमाळचा या समुद्राशी संबंध तरी कोणता म्हणावा? आमच्या मते तो अपराधाचा नाही, नात्याचा आहे. आणि नाते ओळखण्याचे काम इतिहासलेखनाचे आहे. आपल्याकडील जिल्ह्यांच्या इतिहासाचा साचा गॅझेटिअरने घडवला. त्या साच्यात नदीचे वर्णन जिल्ह्यात तिचा प्रवेश होतो तेथे सुरू होते आणि ती हद्द ओलांडते तेथे संपते. भाषावार प्रांतरचनेनंतर त्या रेषेवर भाषेचीही भिंत चढली. पैनगंगेच्या एका तीरावर मराठी, दुसऱ्या तीरावर तेलुगू, आणि दोन्ही तीरांवर गोंडी व कोलामी बोलणारी माणसे, अशी वस्तुस्थिती असताना आपले वाङ्मय पैलतीर क्वचितच पाहते. पैनगंगेच्या पाण्याविषयी महाराष्ट्र आणि तेलंगण यांच्यात २०१६ साली करार झाला. प्राणहितेच्या संगमाखाली गोदावरीवर मेडीगड्डा येथे बॅरेज बांधून २०१९ साली त्याचे उद्घाटन झाले, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात त्याचे खांब खचले. या घटना आपण आंतरराज्य पाणीवाटपाच्या बातम्या म्हणून वाचतो. त्या वाटपात समुद्राचा हिस्सा किती, हा प्रश्न कोणीच विचारत नाही. उलट समुद्रात गेलेले पाणी 'वाया गेले' असे म्हणण्याचा प्रघात आहे. हिलशाच्या आणि खारफुटीच्या बाजूने पाहिले तर या शब्दप्रयोगाइतकी चुकीची मराठी दुसरी नसेल.

साहित्याच्या अभ्यासकांनी या बाबतीत काय करावे, असे कोणी विचारील. आमची सूचना साधी आहे. पैनगंगा, अरुणावती आणि वर्धा यांच्या काठच्या भोई व ढिवर समाजांतील वृद्ध माणसे अजून माशांची, जाळ्यांची, डोहांची आणि पुराच्या पाण्याच्या रंगांची कितीतरी नावे सांगू शकतील. त्यांतले कोणते मासे पूर्वी पुराबरोबर खालून वर येत असत आणि आता येत नाहीत, हेही त्यांना विचारता येईल. हे शब्द गोळा करणे हे प्राणिशास्त्राचे काम आहे तितकेच भाषेचेही आहे. यवतमाळ, वणी, पुसद येथील महाविद्यालयांच्या मराठी विभागांना ते सहज शक्य आहे. त्याच नावांच्या शेजारी पैलतीरावरील तेलुगू आणि गोंडी नावे मांडली, आणि त्या यादीचा शेवट काकिनाड्याच्या कोळ्यांच्या शब्दांनी झाला, तर जिल्ह्याच्या सीमेवर थांबलेले नदीचे वर्णन प्रथमच तिच्या मुखापर्यंत जाईल.